बहिरू ड्रेसर आणि भऱ्यातली पेन ड्राइव्हची साथ

भरे गावातल्या कुठल्याही म्हशीला विचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं की गावाला डॉक्टर दोन. एक तालुक्याहून जीपमधून येणारे आणि दुसरा बहिरू. सरकारी कागदावर बहिरू डॉक्टर नव्हता. जनावरांच्या दवाखान्यात तो ड्रेसर होता. जखम धुणं, पट्टी बांधणं, लस टोचायच्या दिवशी शिंगं धरणं आणि म्हशीची लाथ डॉक्टरसाहेबांना बसू नये म्हणून ती स्वतः खाणं, ही त्याची कामं. एकतीस वर्षं त्यानं ती इमानानं केली. या नोकरीचं प्रमाणपत्र त्याच्या डाव्या मांडीवर उमटलेलं होतं, खुराच्या आकाराचं.

पण बहिरूचं नाव झालं ते रोगाचा माग काढण्यात. लाळ-खुरकुताची साथ आली की डॉक्टर औषध देऊन पुढच्या गावाला जायचे आणि बहिरू वही घेऊन गोठ्यागोठ्यातून फिरायचा. प्रश्न तीनच. पहिलं जनावर कधी आजारी पडलं? त्याच्या आधी आठवडाभरात गोठ्यात कोण आलं, कोण गेलं? आणि पाणी कुठं पाजता? एवढ्यावर तो तीन गावं उलटा चालत जाऊन बरोबर त्या एका गोऱ्ह्यासमोर उभा राहायचा, ज्याच्यापासून सगळं सुरू झालं होतं. लोक म्हणायचे, बहिरूला रोगाचा वास येतो. वास कसला यायचा! एकच प्रश्न पन्नास माणसांना न कंटाळता विचारायची त्याची तयारी असायची, आणि पन्नास माणसांची उत्तरं न चिडता ऐकायची.

दोन हजार आठ सालच्या ऑक्टोबरअखेर बहिरू निवृत्त झाला. दवाखान्यानं थाटात निरोप दिला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ आणि साहेबांचं भाषण. त्यात साहेब बहिरूला दोनदा 'भैरू' म्हणाले, तरी त्याच्या डोळ्यांत पाणी आलंच. बाहेरून बोलावलेल्या फोटोग्राफरनं दोनशे बारा फोटो काढले आणि बहिरूच्या मुलानं, ओमनं, विकत आणलेल्या पेन ड्राइव्हमध्ये ते भरून दिले. वर 'निरोप समारंभ' असं नावही टाकलं.

त्या दिवसापासून पेन ड्राइव्ह काळ्या दोरीत ओवून बहिरूच्या गळ्यात आला.

तेव्हा भऱ्यात, बहिरूचं घर सोडून, चौदा घरांत कॉम्प्युटर होते. पुण्याची हवा बावधन ओलांडून इकडं सरकली होती, जमिनी विकल्या जात होत्या, आणि त्याचा क्रम ठरलेला होता. जमीन गेली की आधी दारात गाडी यायची, मग घरावर स्लॅब पडायचा आणि मग कॉम्प्युटर यायचा. तो दिवाणखान्यात, क्रोशाच्या रुमालाखाली, देवासारखा झाकून ठेवलेला असायचा. नोव्हेंबर महिन्यात बहिरूनं चौदापैकी अकरा घरांत आपले दोनशे बारा फोटो दाखवले. उरलेल्या तीन घरांना तो यायच्या वेळेला कुलूप असायचं. तो योगायोग नव्हता, असं कुशाबा सांगायचा.

कुशाबा हा बहिरूचा शाळेपासूनचा दोस्त. एकशे चाळिसाव्या फोटोला तो म्हणाला होता, "बहिरू, हा नारळ मगाशीच बगितला की रं."

"त्यो सायबाच्या हातात व्हता. आता माज्या हातात हाय."

"आसं व्हय. लई फरक पडला."

बहिरूची सून शुभांगी. लग्न करून आली तेव्हा बारावी झाली होती आणि टायपिंगच्या दोन परीक्षा. घराच्या पुढच्या खोलीत तिनं तीन कॉम्प्युटर मांडून केंद्र काढलं. लग्नपत्रिका, अर्ज, बायोडाटा, फोटो छापून देणं अशी कामं चालायची. पण तिच्या मनात होतं ते शिकवणं. पुण्यातली एक संस्था केंद्राला मान्यता द्यायला तयार झाली होती. तिची अट एकच, वीस जानेवारीपर्यंत गावातल्या पंधरा मुली-बायकांची नावं आली पाहिजेत. नाहीतर मान्यता शेजारच्या गावाला. डिसेंबर सुरू होता होता शुभांगीकडे अठरा नावं जमली होती. पहिलं नाव अण्णासाहेबांच्या सुनेचं, मेधाचं. अण्णासाहेब म्हणजे गावातले जुने पुढारी. त्यांच्या घरातलं नाव आलं, म्हणून बाकीची आली होती.

आणि मग कॉम्प्युटर आजारी पडायला लागले.

आधी शुभांगीचे. एक दिवस यंत्र गोगलगाईसारखं चालायला लागलं. मग प्रत्येक फोल्डरच्या पोटात त्याच नावाचं आणखी एक फोल्डर निघायला लागलं. ती एक पुसायची, तर दोन उगवायची. जिथून दुरुस्ती करायची ते बटणच एक दिवस गायब झालं. शुभांगी सरळ मनाची. आलेल्या गिऱ्हाइकाला तिनं सांगून टाकलं, "माझ्याकडे व्हायरस आलाय. चार दिवस तुमचे पेन ड्राइव्ह लावू नका."

झालं! दुसऱ्या दिवशी गावभर झालं, शुभांगीच्या कॉम्प्युटरला रोग लागलाय. पंधरवड्यात एकेका घरातला कॉम्प्युटर कण्हायला लागला आणि प्रत्येक जण एकाच घराकडे बोट दाखवायला लागला.

वरच्या खोलीत मनीष नावाचा भाडेकरू राहायचा. चंद्रपूरकडचा पोरगा, हिंजवडीत कामाला. एका रविवारी सकाळी बहिरूनं त्याला ओट्यावर बसवलं. शेजारी बहिरूची बायको चंद्राबाई तांदूळ निवडत होती.

"मनीष, ह्यो रोग म्हंजे नेमकं काय, त्ये सांग बरं."

"काका, तो एक प्रोग्रामच असतो. कोणीतरी लिहिलेला. तो स्वतःची कॉपी बनवतो. पेन ड्राइव्ह लावला की त्यात जाऊन बसतो, तो पेन ड्राइव्ह दुसरीकडे लावला की तिकडे उतरतो."

शुभांगी दारात उभी होती. ती म्हणाली, "आणि मामा, लबाड इतका की खऱ्या फोल्डरला लपवून ठेवतो आणि त्याचंच नाव लावून, त्याचाच पिवळा सदरा घालून स्वतः पुढं बसतो. आपण फोल्डर समजून त्याला उघडायला जातो आणि तो जागा होतो. वर आपल्याला संशय येऊ नये म्हणून मागचं खरं फोल्डरही उघडून दाखवतो."

"म्हंजे दुधातलं इरजान की," चंद्राबाई सुपातून मान वर न करता म्हणाली. "थेंबभर पडलं की सगळं भांडं तसलंच. आन् त्यातलं थेंबभर शेजारनीनं न्हेलं की तिचंबी."

मनीष तोंड उघडं टाकून बघत राहिला. ही गोष्ट त्याला कॉलेजात चार तासांत सांगितली होती.

"मग विलाज?" बहिरूनं विचारलं.

"फॉरमॅट मारायचं. सगळं पुसायचं आणि पुन्हा नव्यानं टाकायचं."

"म्हंजे जनावर मारून टाकायचं आन् म्हनायचं, रोग गेला!" बहिरू भडकला. "तुमच्या आफिसात ह्येच शिकवत्यात का?"

"औषध आहे, मामा," शुभांगी म्हणाली. "मी शोधलंय. माझी तिन्ही यंत्रं मी दोनदा साफ केली. पण कुणीतरी पेन ड्राइव्ह लावतंच आणि पुन्हा सगळं पहिल्यासारखं." मग तिचा आवाज खाली आला. "आज अण्णासाहेबांनी मेधाचं नाव काढून घेतलं. आता सातच राहिलीत."

तांदूळ निवडणारा हात थांबला. अठरावरून सात! वीस तारखेला नऊ दिवस उरले होते.

बहिरू उठला. आत गेला, फळीवरची जुनी वही काढली, पेन्सिलीला टोक केलं, डोक्यावर टोपी घातली आणि पायात चपला सरकवल्या. एकतीस वर्षं साथीच्या बातमीनंतर तो असाच निघायचा.

पहिलं घर कुशाबाचं.

"कुशाबा, तुजा काम्पुटर कवा बसला?"

"नाताळाच्या आधल्या आटवड्यात."

"त्येच्या आधी कुनाचा पेन ड्राइव्ह लागला व्हता?"

"तुजाच की. त्यो नारळाचा."

"माजं सोड रं. दुसरं कोन?"

"दुसरं कोन कशाला येतंय? नातवाचा एक येगळा हाय, पर त्यो शाळेतच आसतो."

बहिरूनं वहीत लिहिलं : 'नातू. शाळा. चौकशी करणे.'

दुसऱ्या घरी तेच. "तुमीच आला व्हता की, दादा, फोटू घिऊन." "माजं सोडा." तिसऱ्या घरी म्हातारीनं फोटोतल्या साहेबांची तब्येत विचारली. बहिरूनं तीही सांगितली आणि म्हणाला, "माजं सोडा, आजून कोन आलतं त्ये आठवा." चौथ्या घरी मेव्हण्याचा एक पेन ड्राइव्ह सापडला तेव्हा बहिरूला असा आनंद झाला की त्यानं त्या नावाखाली दोन रेघा मारल्या. पण मेव्हणा आला होता तो यंत्र बसल्यानंतर. दोन्ही रेघा खोडाव्या लागल्या.

कुलूपवाल्या तीन घरांतही तो गेला. आता तो फोटो दाखवायला नाही, वही घेऊन आलाय हे लांबून दिसल्यावर दारं उघडली. तिन्ही घरांतले कॉम्प्युटर ठणठणीत होते.

बहिरू मारुतीच्या देवळाच्या पायरीवर टेकला आणि त्यानं वही मांडीवर उघडली. अकरा घरं आजारी. तीन घरं धडधाकट. अकरा घरांत तो गेला होता. तीन घरांत गेला नव्हता. दुसऱ्या कुणाबद्दल वहीनं असं सांगितलं असतं, तर त्यानं पहिल्याच घरी निकाल दिला असता. स्वतःचं वाचायला त्याला चौदा घरं आणि एक अख्खा दिवस लागला.

एक जुनी गोष्ट त्याला आठवली. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी साथ काही केल्या हटेना, तेव्हा एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्याला विचारलं होतं, "बहिरू, एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाताना तू बूट धुतोस का?" तो धुत नव्हता. पुढची अठ्ठावीस वर्षं त्यानं बूट धुतले होते. आणि निवृत्त झाल्यावर तो गळ्यात न धुतलेला बूट अडकवून अकरा घरं हिंडला होता!

घरी येऊन त्यानं दोरी गळ्यातून काढली आणि शुभांगीसमोर ठेवली. "ह्येला तपास."

शुभांगीनं कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडून तिच्यात हुकुमाची लांबलचक ओळ लिहिली, बटण दाबलं, आणि पडद्यावर दोन 'निरोप समारंभ' शेजारी शेजारी उभे राहिले. एक फिकट, लपवलेला. त्यात दोनशे बारा फोटो सुखरूप. दुसरा ठसठशीत, त्यात समारंभाचं काहीच नाही, नुसता रोग. फोटोग्राफरच्या यंत्रातूनच तो बरोबर आला असणार. घरोघरी बहिरूनं मोठ्या कौतुकानं दोनदा टिचकी मारली होती ती ह्या दुसऱ्यावर. सगळ्यात पहिली टिचकी इथंच, शालीच्या फोटोला फ्रेम करायची म्हणून.

शुभांगीनं यंत्र बंद केलं. "मामा, हे कुणाला सांगायचं नाही. त्या फोटोग्राफरचं नाव सांगू. तो काय पुन्हा गावात येणार आहे?"

"आन् माज्या गळ्यात काय व्हतं, त्ये गावानं बगितलं न्हाई व्हय?"

"पण तुमचं नाव..."

"माजं नाव एकतीस वर्सांचं हाय. थोडं घासलं तर काय फाटत न्हाई. तुजं आजून उभं ऱ्हायचंय."

एवढं ठणकावून बोलला खरा, पण त्या दिवशी जेवताना त्यानं भात परत मागितला नाही, हे चंद्राबाईनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो डेअरीवर गेला. लस टोचायच्या दिवसाची वर्दी तो नेहमी तिथंच द्यायचा, कारण दूध घालायला अख्खं गाव येतं. किटल्या घेऊन रांग उभी होती. अण्णासाहेब स्वतः दूध घालायला येत नसत, पण दूध कोण घालतं हे बघायला रोज येत. बहिरू ओट्यावर चढला.

"मंडळी, काम्पुटरच्या रोगाचा माग लागला."

"शुभांगीच्याच तितनं ना?" रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"न्हाई. ह्या गळ्यातनं." त्यानं मोकळ्या गळ्याला हात लावला. "रोग म्या न्हेला. फोटूसंगं. अकरा घरं वहीत लिवल्याली हायेत, कुनाला बगायची तर बगा."

 एका किटलीचं झाकण तेवढं वाजलं.

"पैलं जनावर ज्येच्या गोठ्यात बसतं, त्यो बोंब मारतो, म्हनून बाकीच्यांना कळतं. आपन काय केलं? जिनं बोंब मारली तिच्यावरच आळ घ्येतला. उद्या कुनाच्या गोठ्यात रोग आला तर त्यो सांगंल का? दडवंल. आन् दडवला की गाव बसलं."

अण्णासाहेबांनी घसा साफ केला. "बहिरू, तुजं वय झालं..."

कुशाबानं मध्येच हात वर केला. "अण्णासायेब, थांबा जरा. बहिरू, रोगाची माफी दिली. पर ते फोटू परत दाखवनार न्हाईस, ह्ये सगळ्यांम्होरं कबूल कर."

डेअरीवर जो हशा पिकला, त्यात अण्णासाहेबांचं उरलेलं वाक्य वाहून गेलं. बहिरूही हसला, पण ओट्यावरून उतरला नाही. त्यानं वर्दी दिली. येत्या रविवारी सगळ्यांनी एकाच दिवशी यायचं. कॉम्प्युटर आणि घरात असतील नसतील तेवढे पेन ड्राइव्ह, सगळं आणायचं. एक जरी मागं राहिला तरी साथ पुन्हा फिरते. तोवर एकाचा पेन ड्राइव्ह दुसऱ्याच्या दारात जाणार नाही. लसीचा हा नियम गावाला पाठ होता, त्यामुळे कुणी का म्हणून विचारलं नाही.

रविवारी शुभांगीच्या दारात जी जत्रा भरली ती बघायला मनीष सुट्टी असूनही सातला उठला. कॉम्प्युटरचे डबे मोटरसायकलवरून आले, जीपमधून आले, एक तर बैलगाडीतून गोधडीत गुंडाळून आला. बहिरू दारात उभा होता. आत शिरणाऱ्याचा पेन ड्राइव्ह आधी काढून घ्यायचा, नंबर लावायचा आणि साफ होऊन बाहेर आलेल्या प्रत्येक डब्यावर जखमेच्या जांभळ्या औषधाचा ठिपका द्यायचा, हे काम त्याच्याकडे. एका डब्याला ठिपका दिल्यावर त्यानं सवयीनं पाठीवर थापही मारली.

आत शुभांगी आणि मनीष. पण तासाभरात मनीषच्या लक्षात आलं की आपण इथं हाताखालचे आहोत. "वहिनी, पुढं काय करू?" असं तो विचारत होता आणि शुभांगी बोटांकडे न बघता टाइप करत, समोरच्या बाईला सांगत होती, "हे बघा काकू, फोल्डरचा आकार बघायचा. यादीत खऱ्या फोल्डरपुढं आकडा नसतो. आकडा दाखवत असेल तर समजायचं सोंग आहे."

कारण डबे पुरुषांनी आणले, तरी खोळंबल्या होत्या बायका. लेकीच्या लग्नाचे फोटो त्या डब्यात होते, नातवाच्या बारशाचे होते. ते पुसले गेले असं त्यांनी धरून चाललं होतं. काळ्या खिडकीत एक ओळ उमटायची आणि लपलेलं फोल्डर पडद्यावर यायचं. एक बाई तर लेकीचा फोटो बघून पडद्याची दृष्टच काढायला लागली.

दुपारी अण्णासाहेबांचा डबा आला. बरोबर मेधा आणि मागं अण्णासाहेब, हात मागं बांधून. शुभांगीनं डबा जोडला, यंत्र सुरू केलं आणि उठून उभी राहिली.

"मेधाताई, बसा. मी सांगते तसं तुम्ही लिहा."

मेधानं सासऱ्यांकडे पाहिलं. अण्णासाहेबांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. मेधा बसली. एकेक अक्षर शोधत तिनं ती ओळ लिहिली, आणि अण्णासाहेबांचे सगळे सत्कार, एकोणीसच्या एकोणीस, रांगेनं पडद्यावर हजर झाले. अण्णासाहेब चष्मा पुसायला बाहेर आले ते बहिरूशेजारी उभे राहिले.

"बहिरू."

"जी."

"नाव पुना घालायला काय अर्ज करावा लागतो का?"

"न्हाई. लिवनारी आतच बसलीया."

वीस जानेवारीला शुभांगीनं संस्थेला यादी पाठवली तेव्हा तिच्यात एकवीस नावं होती. ती कशानं आली, यावर गावात दोन मतं आहेत. बहिरूच्या कबुलीनं, असं डेअरीवरचे म्हणतात. बायकांचं मत निराळं. मेधानं लिहिलेली ओळ बघून आली, असं त्या म्हणतात, आणि यादीत नावं त्यांची आहेत.

वर्ग फेब्रुवारीत सुरू झाला. पहिला तास शुभांगीनं सासऱ्यांना दिला. बहिरू खडू घेऊन फळ्यापुढं उभा राहिला आणि रोग कसा फिरतो ते त्यानं अर्धा तास असं सांगितलं की एकवीस जणी माना डोलावत राहिल्या. दिसायला धडधाकट जनावरच रोग लांब कसा नेतं, एका दिवशी सगळ्यांना लस का, बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह आधी दारात का तपासायचा, सगळं. शेवटी त्यानं ऐटीत विचारलं, "काय शंका?"

कुशाबाची नात जान्हवी उठली. "आजोबा, खुरकूत आपोआप येतं. पण हा रोग तर कुणीतरी बसून लिहिलेला आहे ना? मग लिहिणाऱ्यानं का लिहिला?"

 एकतीस वर्षांत अकरा साथी बहिरूनं पाहिल्या होत्या, पण मुद्दाम बसून रोग तयार करणारं कुणी त्याच्या वहीत कधी आलं नव्हतं. 

"पोरी, ह्ये मला ठावं न्हाई," तो म्हणाला.

त्यानं खडू शुभांगीच्या हातात दिला, टोपी काढली आणि पहिल्या बाकावर मेधाच्या शेजारी थोडी जागा होती तिथं जाऊन बसला. "सरक जरा, सूनबाई. मलाबी ऐकू दे."